कापसावर पडून मोडलेलं हाड

मागच्या महिन्यात खोकला काही केल्या जाईना, म्हणून नातीने मला अकोल्याला छातीचा फोटो काढायला नेलं. फोटो काढणाऱ्या बाई मन लावून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी माझं मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, केसांतल्या पिनासुद्धा एका वाटीत ठेवल्या, आणि तरी पडद्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, अजून काहीतरी राह्यलं वाटते अंगावर. खांद्यापाशी धातूचं दिसून राह्यलं." मी म्हटलं, "ते निघत नाही बाई, ते आतलं आहे." त्यांनी विचारलं, "आतलं म्हणजे काय?" मी जे उत्तर दिलं ते ऐकून नातीने कपाळावर हात मारून घेतला. ते उत्तर मागाहून सांगते. आधी ते धातूचं आत कसं गेलं ते सांगायला हवं, कारण आमच्या घरात त्याच्या चार निरनिराळ्या हकिकती चालू आहेत आणि त्यांतल्या तीन मीच पसरवलेल्या आहेत.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि जगात आपल्याइतकं हुशार कोणी नाही याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या दोन वेण्या धरून तिला ओसरीच्या खांबाला बांधून ठेवीन. माझे वडील अमरावतीला टपाल खात्यात होते. भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहायचो, त्यामुळे दिवाळी झाली की मला अकोटजवळ मामाच्या गावी पाठवून सगळे मोकळा श्वास घ्यायचे. बापूमामा फार कमी बोलायचा. त्याच्या वाटणीचंही मामी बोलायची. पहाटे तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने जाग यायची, पाठोपाठ तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, आणि चुलीवरची भाकर, जवसाची चटणी, वर तेलाची धार असं ताटात पडेपर्यंत गावातल्या सगळ्यांची खबर कानावर पडलेली असायची. मामेबहीण निर्मला माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण व्यवहाराला पक्की. आणि गोठ्यात एक बैलजोडी: शिपाई आणि नवाब. शिपाई कामसू. नवाबाला नाव शोभत होतं. सावली दिसली की तो बसायचा. गाडी जुंपलेली असो, सोडलेली असो, मागून दुसऱ्या गाडीवाल्याने शिव्या घातल्या तरी तो डोळे अर्धे मिटून रवंथ करायचा. शिंगं मात्र हातभर लांब, वर वळलेली, टोकदार. देवाने ती त्याला का दिली होती कोण जाणे. त्याने ती कधी माशीवरही चालवली नव्हती.

त्या वर्षी शेतात वेचणीआधीचं सीतादही झालं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिला वेचा निघाला, आणि मामा गाडी भरून अकोटच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, निघाला. निर्मला आणि मी कापसाच्या वर बसून गेलो. जिनाच्या आवारात गाड्यांची रांग लागलेली, यंत्रांचा एकसारखा घरघराट, नाकातोंडात रुई, आणि जिकडे बघावं तिकडे कापसाच्या पांढऱ्या गंज्या. मामा वजनकाट्यापाशी गेला. त्याने बैल सोडून गाडीपाशी बांधले होते, आणि नवाब अर्थातच बसला होता. मी निर्मलेला म्हटलं, "पाह्य, मी त्या गंजीवरून या गंजीवर उडी मारते." ती म्हणाली, "तिथं नको मारू, खाली काईतरी हाये." मी म्हटलं, "कापूस हाये. कापसाखाली काय राह्यते? कापूसच ना!" आणि चढले. वरून जग फार लहान दिसत होतं. मी पदरासारखी ओढणी कमरेला खोचली, दोन पावलं मागे गेले आणि झेप घेतली.

कापसाखाली प्रेसमधून निघालेली कापसाची गाठ होती. तिच्या लोखंडी पट्ट्या तुटल्या म्हणून ती बाजूला टाकलेली, आणि कोणीतरी तिच्यावर गाडी रिकामी केलेली. ज्यांनी दाबलेली गाठ पाहिली नसेल त्यांना सांगते, तिच्यावर पडणं आणि शिळेवर पडणं यांत फरक असलाच तर शिळा जरा थंड असते एवढाच. मी उजव्या खांद्याच्या अगदी टोकावर आदळले. आतून काहीतरी फाटल्याचं मला ऐकू आलं. उठून बसले तर खांदा खाली लोंबत होता, आणि गळ्याखालचं आडवं हाड त्याच्या टोकाशी कातडीखालून वर आलं होतं.

मामी मागच्या गाडीतून आलेली होती. ती धावत आली, आणि मी, निदान त्या वेळी तरी, खरं बोलले. "मामी, मी कापसावर पडली."

"कापसावर पडून हाड मोडते काय वं? मंग गादीवर कोणी झोपलं असतं काय? खरं सांग!"

बायका जमल्या. एक हसली. दुसरीही हसली. खांद्यात आग पेटली होती, पण त्या हसण्याने जे झालं ते त्याहून वाईट होतं. अमरावतीला शाळेत हे कळलं तर? "कापसावर पडून मोडली" म्हणत पोरी मला मॅट्रिकपर्यंत सोडणार नाहीत. डाव्या हाताचं बोट आपोआप उचललं गेलं आणि दहा पावलांवर रवंथ करत बसलेल्या नवाबाकडे गेलं. "त्यानं मारलं," मी म्हटलं.

लोकांनी ते किती झटकन मानलं याचं मला आजही नवल वाटतं. मामी लगेच म्हणाली, "मले तं पयलेच वाटलं होतं. त्याची नजर बरी नव्हती." एकाला आठवलं की पोळ्याला त्याने मान झटकली होती. तो बिचारा तसाच बसून होता. निर्मलेने सगळं पाहिलं होतं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुह्या लाल रिबिनी मले." मी दुखण्यात मान हलवली. सौदा झाला.

आधी शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे नेलं. तो वर आलेलं हाड अंगठ्याने दाबायचा, ते खाली बसायचं, अंगठा काढला की पुन्हा वर यायचं. भजनातल्या पेटीची पट्टी जशी. त्याला स्वतःलाच त्यात गंमत वाटू लागली असावी, कारण त्याने ते पाच-सहा वेळा केलं आणि दर वेळी मी त्याच्या खानदानाचा उद्धार केला. शेवटी त्याने हळदीचा जाड लेप थापला, कामट्या बांधल्या, आणि आठ दिवसांनी लेप उतरवल्यावर पट्टी पुन्हा वरच. मग वडील आले आणि मला यष्टीने अमरावतीला घेऊन गेले. अंजनगावपर्यंतचा प्रत्येक खड्डा मला अजून नावानिशी ठाऊक आहे.

डॉक्टर तरुण होते, शेतकऱ्याच्या घरातून शिकून आलेले. फोटो उजेडाला धरून त्यांनी वडिलांना समजावलं ते मी पडल्या पडल्या ऐकलं. "हे हाड म्हणजे जू समजा. याला खालच्या हाडाशी बांधून ठेवणारी दोन जोतं असतात, अस्थिबंध म्हणतात त्यांना. हिचं हाड टोकाशी मोडलंच, पण जोतंही तुटली. जोतं तुटल्यावर जू वर उडणारच. नुसत्या पट्ट्या बांधून बसणार नाही. उघडून जागेवर आणावं लागेल, आणि जोतं पुन्हा धरेपर्यंत वरच्या हाडातून खालच्या हाडात एक स्क्रू घालून ठेवावा लागेल." वडिलांनी विचारलं, "नाही केलं तर?" डॉक्टर म्हणाले, "हाताने पेन धरेल. घागर उचलणार नाही."  वडिलांनी हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

वडील कागदांवर सह्या करायला गेले. सिस्टर माझा खांदा धूत होती. ती मध्येच थांबली आणि चिमट्यात काहीतरी धरून डॉक्टरांना दाखवलं. वाळलेल्या खपलीत रुतून बसलेली एक सरकी होती, भोवती थोडा कापूस.

"बैलानं मारलं म्हणतेस. कुठं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी छातीकडे बोट केलं.

"छातीवर वळ नाही. मार सगळा खांद्याच्या टोकावर आहे, वरून खाली. जोतं तुटतात ती अशी. उंचावरून खांद्यावर पडलं म्हणजे." ते थोडं वाकले आणि आमच्या बोलीत म्हणाले, "काय वं, बैलाच्या शिंगाले सरकी लागली होती काय?"

मी डोळे मिटून घेतले. भूल दिलेली नव्हती, तरी दिल्यासारखे.

"मी कोणाले सांगत नाई," ते म्हणाले. "आठ हप्त्यांनी हा स्क्रू काढीन, त्या दिवशी तू मले सांगजो. आणि दुसरं. तोवर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. खांदा फिरला की स्क्रू मोडतो. कंगवासुद्धा आईनं करायचा."

शस्त्रक्रियेचं मला काहीच आठवत नाही. नाकावर धरलेल्या औषधाचा गोडसर वास आणि जाग आल्यावर झालेली मळमळ, एवढंच. पुढचे दिवस मात्र मी राणीसारखे काढले, हे कबूल केलं पाहिजे. हात झोळीत, आई घास भरवतेय, वेण्या घालून देतेय. मी रोज डाळीच्या गोळ्यांची कढी मागायची आणि रोज मिळायची. शाळेतल्या पोरी बघायला यायच्या तेव्हा बैलाची गोष्ट मी प्रत्येक वेळी थोडी वाढवून सांगायची. चौथ्या आठवड्यापर्यंत नवाबाने मला शिंगावर घेऊन दोनदा फिरवलं होतं.

सहाव्या आठवड्यात निर्मलेचं कार्ड आलं. तिचं अक्षर मोठं, म्हणून त्यावर दोनच ओळी मावल्या होत्या. *नवाबले रविवारी दलाल पाह्यले येऊन राह्यला. मारक्या बैलाले कोन घेते ते मले मायने सांगतलं, मी लिहत नाई.*

ते कार्ड मी झोळीत हाताशी धरून बसले. त्या दिवशी कढी जेवले नाही. आईला वाटलं ताप आला. मी म्हटलं, "मले मामीच्या हातची सोल्याची भाजी खायची हाये." ताज्या तुरीचे दिवस होते, वडिलांना रविवारची सुट्टी होती, आणि आजारी पोरीचं मन मोडायची घरात कोणाची छाती नव्हती. शनिवारी आम्ही मामाकडे पोचलो.

नवाब गोठ्याच्या मागे एकटा बांधलेला होता, आखूड दाव्याने. मामी वळसा घालून जायची. गल्लीतली पोरं लांबून खडे मारून पळायची. मी गेले तर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं तोंड पुढे केलं, काही खायला आणलंय का ते बघायला. त्याच्या मनात काही नव्हतं. ते मला फार लागलं. त्याने खरंच मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

दलाल सकाळी आला. आमच्याकडे जनावर विकताना खोड आधी सांगतात. लपवणाऱ्याला पुन्हा बाजारात तोंड दाखवता येत नाही. मामाने सांगून टाकलं, "दात पाह्य, खूर पाह्य. पण मारते. भाचीचं हाड मोडलं त्यानं." दलालाने बसलेल्या नवाबाकडे बराच वेळ पाहिलं. "दिसत तं नाई तसा. पण मारका म्हटल्यावर औताले कोणी घेनार नाई, बापू. दुसरं गिऱ्हाईक पाहा लागंल." मामाने मान खाली घातली. मग दोघांनी दुपट्ट्याखाली हात घातले आणि बोटांवर भाव सुरू झाला. मी पडवीत बसून एका हाताने शेंगा सोलत होते. दुपट्टा हलताना दिसला आणि मी शेंगांची ओटी तशीच धरून धावले.

"मामा, त्यानं नाई मारलं! मी कापसावर पडली होती!"

 दलाल इतका हसला की त्याचा हात दुपट्ट्याबाहेर आला. मामीचे डोळे पाण्याने भरले. "पाह्य वं माय, बैलासाठी खोटं बोलून राह्यली! केवढा जीव लावते पोट्टी जनावराले!" म्हणजे दुसऱ्यांदा खरं बोलले आणि त्याबद्दल खोटं बोलल्याचं कौतुक झालं. मी ओरडले, "निर्मले, सांग ना तू!" निर्मलेच्या वेण्यांत माझ्या लाल रिबिनी होत्या. तिने त्या चाचपल्या आणि म्हणाली, "मले काई माहीत नाई." सौदा म्हणजे सौदा. ही बाई पुढे तीस वर्षं सरपंचाच्या निवडणुकीत कधी हरली नाही.

आता बोलून भागणार नव्हतं. बैल गरीब आहे हे दाखवायचं तर लहान पोराला त्याच्या पोटाखालून काढतात, हे मी बाजारात पाहिलं होतं. पण नवाब बसलेला! मी त्याच्यापुढे शेंगांची टरफलं धरली तेव्हा तो सावकाश, उपकार केल्यासारखा उठला. मामी किंचाळली, "सुमे, मांगं हो! अहो, धरा तिले!" तोवर मी झोळीतला हात पोटाशी धरून वाकून अलीकडून पलीकडे गेले होते. त्याने फक्त शेपटी माझ्या तोंडावर मारली. दलालाचं हसू थांबलं. तो आता कामाच्या नजरेने बघत होता. "पोटाखालचं ठीक हाये," तो म्हणाला. "पण मारका बैल शिंगाले हात लावू देत नाई."

मी झोळी सोडली आणि दोन्ही हातांनी त्याची दोन्ही शिंगं धरली. त्याची मान खाली होती, टरफलांत, म्हणून हात छातीच्या खालीच होते. डॉक्टरांचं सांगणं माझ्या पूर्ण ध्यानात होतं. पण तेवढ्यात मामी पुन्हा किंचाळली, आणि नवाबाने, कोण ओरडतंय ते बघायला, शांतपणे मान वर केली. माझे हात त्याच्याबरोबर डोक्याच्या वर गेले. खांद्यात टक् झालं.

बाहेर कोणाला ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढे मला तीन मुलं झाली, तिन्ही घरीच, आणि त्या कळांबद्दल बायका बोलतात तेव्हा मी गप्प बसते, कारण माझी मोजपट्टी वेगळी आहे. पण तेव्हा ओरडले असते तर पुढचं ठरलेलं होतं: पाहा, पुन्हा मारलं! म्हणून मी शिंगं सोडली नाहीत आणि हसले. सगळे दात दिसतील इतकी हसले. नवाबाने माझ्या पोटाला नाक घासलं आणि उरलेली टरफलं खायला मान खाली घातली.

मामाने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. "नाई विकत," तो दलालाला म्हणाला. मग माझ्याजवळ येऊन त्याने झोळी पुन्हा गळ्यात अडकवली. "कापसाखाली काय होतं?"

"गाठ."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"मामीले सांगतलं होतं."

मामाने मामीकडे पाहिलं, मामीने गोठ्याकडे.  मग मामाने नवाबाचं दावं सोडून त्याला शिपायाशेजारी नेऊन बांधलं. नवाब लगेच बसला.

तो टक् आवाज मी पंधरा दिवस कोणाला सांगितला नाही. आठवा आठवडा भरला तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि स्क्रूचे दोन तुकडे बघून माझ्याकडे वळले. वडील शेजारीच उभे होते.

"हात वर केला होता?"

"केला."

"कशासाठी?"

मी सगळं सांगितलं, गंजीपासून शिंगांपर्यंत. वडिलांना अर्धं आधीच कळलं होतं. टक् आवाजाचं मात्र नव्हतं, आणि ते ऐकून त्यांनी पुन्हा टोपी काढली. डॉक्टरांनी माझा खांदा दाबून पाहिला. पट्टी वर आली नाही. "जोतं धरली आहेत," ते म्हणाले. "दोन हप्ते अगोदर हा पराक्रम केला असता तर पुन्हा उघडावं लागलं असतं." त्यांनी जागा बधिर करून स्क्रूचा वरचा भाग काढला. खालचं टोक हाडात रुतलेलं, ते काढायला फार चिरफाड झाली असती, म्हणून राहू दिलं. "ते काही मागत नाही," म्हणाले. खरंच आहे. इतक्या वर्षांत त्याने काही मागितलं नाही. घागरी उचलल्या, पोरं उचलली, एकदा नवऱ्यालाही उचललं. डॉक्टरांनी जाताना मला कागदाची एक पुडी दिली. आत ती सरकी होती.

तर आता अकोल्याचं उत्तर. बाईंनी विचारलं, "आतलं म्हणजे काय?" तेव्हा मी म्हटलं होतं, "बैलाचं शिंग आहे. मारलं तेव्हा आतच मोडलं." नातीने कपाळावर हात मारला, आणि बाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "बापरे! लई मारका असंल मंग."

मी बांगड्या घातल्या, पिना लावल्या, मंगळसूत्र घातलं. दारापर्यंत गेले. पण पाय पुढे जाईना. नवाब जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी त्याला पुन्हा त्याच आखूड दाव्याने बांधून निघाले होते. परत वळले आणि म्हटलं, "बाई, ते शिंगाचं खोटं होतं. स्क्रूचं टोक आहे. बैल फार गरीब होता, त्याने काही केलं नाही. मी कापसावर पडले होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून नातीकडे. मायेने आवाज उतरवून तिला म्हणाल्या, "राहू दे ताई, वाद नको घालू. वय झालं की होते असं."